फोटोखालची ओळ

पुण्याच्या माहेरी मी 'बंगळूरवाली' आणि बंगळूरच्या शेजारात 'पुणेवाली'. दोन्हीकडे अर्धीच. फक्त शनिवारी संध्याकाळी कोरमंगलातल्या एका गच्चीवरच्या खोलीत मी अख्खी भारतीय असायचे. ती खोली मला का आवडायची, हे वेगळं सांगायला नको.

तिथे हौसेनं फोटो काढणारे परदेशी जमत. कुणी स्वतःच्या नोकरीसाठी आलेलं, कुणी नवऱ्याच्या. थोड्या दिवसांसाठी म्हणून आलेले आणि मग रमलेले. ज्यानं त्यानं आठवड्यातले फोटो पडद्यावर दाखवायचे, मग कॉफी. घर ज्या बेल्जियन बाईचं होतं ती फक्त दारं टिपायची, मल्लेश्वरमच्या जुन्या घरांची, सुकलेल्या तोरणांसकट. एक जपानी इंजिनियर विजेच्या तारांचे गुंते काढायचा आणि इतक्या मायेनं दाखवायचा की आपल्याच गल्लीतल्या तारांकडे मी मान वर करून बघायला लागले होते.

मी कॅमेरा धरत नाही. बेल्जियन बाई माझ्या योगवर्गातली, तिनं मला नेलं ते समजावून सांगण्यासाठी. हे काय आहे, ते का करतात, हे त्यांनी विचारायचं आणि मी सांगायचं. वासरांत लंगडी गाय शहाणी. माहीत असेल ते सांगायचे, नसेल तेही सांगायचे. 'मला माहीत नाही' हे वाक्य आमच्या पुण्यात शिकवतच नाहीत.

त्या मंडळींचा एक नियम मात्र फार चांगला होता. फोटोत कुणाचा चेहरा असेल तर तो फोटो प्रदर्शनात लावण्याआधी त्याची एक प्रत फ्रेम करून त्या माणसाला नेऊन द्यायची आणि त्याची परवानगी घ्यायची. त्यालाही वाचता यावी म्हणून खाली कन्नडमध्ये एक ओळ छापायची. आपण भारतीय एकमेकांचे फोटो काढताना एवढं करत नाही.

त्यांच्यात फिनलंडचा एक उंच, लाजरा माणूस होता. रविवारी सायकल घेऊन शहराच्या टोकाला येलहंकाकडे जायचा आणि लांबूनच फोटो काढायचा, कारण जवळ जायचा त्याला संकोच. एका शनिवारी त्यानं एकच फोटो दाखवला. रस्ताभर झेंडूच्या पाकळ्या. हलगीसारखी वाद्यं बडवणारे दोघंतिघं. मधोमध एक तरुण, हात वर, डोळे मिटलेले, तोंड उघडं, केसांत पाकळ्या अडकलेल्या. मागे फुलांनी मढवलेल्या गाडीची कड. खोलीत टाळ्या पडल्या.

"कुठला सण?" त्यानं मला विचारलं.

येलहंकाच्या त्या भागात मी कधी पाय ठेवला नव्हता. पण वाद्यं, फुलं, नाच म्हटलं की माझ्या डोक्यात मिरवणूकच येते. "ग्रामदेवीची जत्रा," मी म्हटलं. "गाडीत देवी असणार."

"आणि कोपऱ्यात फुलांतून हे काय दिसतंय?" जपान्यानं विचारलं.

"देवीची पावलं," मी तत्काळ उत्तर दिलं.

त्या वर्षी प्रदर्शनाचा विषय 'आनंद' होता. हा फोटो पहिल्या भिंतीवर लावायचा ठरला आणि खालची ओळही मीच सुचवली: देवीच्या जत्रेत आनंदाने बेभान नाचणारा भक्त. छपाईवाल्यानं तिचं कन्नड करून दिलं. मला ती लिपी वाचता येत नाही. इतकी वर्षं इथे राहून येत नाही, हेही लाजिरवाणंच. पण ओळ लांब आणि देखणी दिसत होती, आणि ती माझी होती.

फोटो द्यायला आम्ही दोघं गेलो. फिनलंडवाल्याला कन्नड येत नव्हतं आणि माझं कन्नड म्हणजे रिक्षावाल्याशी बोलण्यापुरतं. फ्रेम त्यानं चकचकीत कागदात बांधून आणली होती. रिकाम्या हातानं जायचं नसतं, असं त्याला शिकवून मी वाटेत म्हैसूरपाकचा डबा घ्यायला लावला. येलहंकाच्या जुन्या गावात एका बेकरीवाल्याला मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्यानं फोटो पाहिला, मग माझ्या हातातला मिठाईचा डबा पाहिला, आणि हातानं गल्ली दाखवली. तो असा का बघतोय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, परदेशी माणूस बघून बुजला.

दार फोटोतल्याच तरुणानं उघडलं. डोक्याचा चकोट केलेला.

फिनलंडवाल्याचा चेहरा उजळला. "तिरुपती?" त्यानं आनंदानं विचारलं. मुंडण दिसलं की तिरुपती, हेही त्याला मीच शिकवलं होतं.

तरुण बाजूला झाला. आत समईशेजारी एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो होता, त्याला ताजा हार होता. भिंतीशी एक म्हातारी बसली होती, कपाळ मोकळं. फिनलंडवाला वाकून नमस्कार करून मोकळा झाला आणि कागदात बांधलेली फ्रेम त्यानं तिच्या हातात दिलीसुद्धा. मी मात्र दारातच खिळले. घाबरले की माझ्या तोंडून मराठीच बाहेर पडतं, कारण इथे ते कुणाला कळत नाही. "अरे देवा," मी पुटपुटले, "मेलंय कुणीतरी या घरात, आणि मी मिठाई घेऊन आलेय."

"आमचे मालक गेले, अक्का," म्हातारी म्हणाली. मराठीत. "आत या की. दारात नगा उभ्या ऱ्हाऊ."

पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेलं मराठी घर. मी ज्यांना 'यांची जत्रा' म्हणत होते ते माझीच भाषा बोलणारे होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते मला तेव्हा कळलं. डबा मी पदराखाली सरकवला. म्हातारीनं ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं, माझी शोभा व्हायला नको म्हणून.

तिनं कागद सोडला. फ्रेम मांडीवर घेऊन बराच वेळ पाहिली.

"मला दारातनंच परत फिरवलं," ती मला म्हणाली. "बायकांनी स्मशानात जायचं नस्तं नव्हं. कसं नेलं, धड नेलं का, काय दिसलंच नाय. आणि ह्यो तर घरात येक टिपूस काढंना. मी बोलले त्याला, बाप मेला तरी तुझं डोळं कोरडं. हितं बघा. हितं रडतोय की."

मी पाहिलं. तोंड आनंदानं उघडलेलं नव्हतं. वाळत आलेल्या ओल्या रेघा गालांवर स्पष्ट होत्या. पडद्यावर हा चेहरा भिंतीएवढा मोठा करून आम्ही सगळ्यांनी पाहिला होता आणि टाळ्या वाजवल्या होत्या.

म्हातारीचं बोट फ्रेमच्या कोपऱ्याकडे सरकलं. "ह्ये बघा त्यांचं पाय," ती म्हणाली. फुलांतून दोन पावलं दिसत होती, अंगठे दोऱ्यानं एकत्र बांधलेले. तिनं पावलांवर बोट ठेवलं आणि मग ते हारातल्या फोटोकडे नेलं. भाषा न कळताही फिनलंडवाल्याला तेवढ्यानं कळलं. तो कानांपर्यंत लाल झाला. त्याची नजर फोटोखालच्या ओळीवर गेली आणि तिथून माझ्यावर आली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता घाबरला होता, म्हातारीसाठी.

इकडे गेलेल्या माणसालाही वाजतगाजत, फुलं उधळत नेतात, हे मला ठाऊकच नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या वाटेला आम्ही जत्रा म्हटलं होतं, मुलाच्या रडण्याला नाच. छापून, काचेखाली घालून तिच्या मांडीवर ठेवलं होतं. फ्रेम काढून घ्यावी असं वाटलं, पण तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती.

"खाली काय लिवलंय अक्का?" तिनं विचारलं. "माजा चष्मा बघा कुटं ऱ्हायला. स्वल्प वाचून दावा."

मला वाचता येत नव्हतं आणि काय लिहिलंय ते पाठ होतं. खरं सांगायचं धाडस नव्हतं, खोटं बोलायला जीभ वळेना. एरवी सुरीसारखी चालणारी माझी जीभ. माझी मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मुलगा आईमागे येऊन उभा राहिला. वाकून त्यानं ओळ वाचली. ती वाचून होईपर्यंत मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानं एकदाच वर माझ्याकडे पाहिलं आणि ओळीत काय आहे ते मला ठाऊक आहे, हे त्यालाही कळलं.

"अप्पांचं नाव लिवलंय, आई," तो म्हणाला.

"येवढं लांब?"

"पूर्ण नाव. आजोबांचं, आडनाव, समदं."

म्हातारीनं मान डोलावली. तिनं पदर सावरला, ओळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश बोट फिरवलं आणि ते बोट दोन्ही डोळ्यांना लावलं.