'उद्या येजो' अन् 'इथं नाही'

माही लेक नागपुरात, बेसा भागात, घरीच बसून कम्प्युटरचं काम करते. कम्प्युटरच्या पोटात मुख्य कारभारी असते, कर्नेल म्हणतात त्याले. त्याचा एक भाग लिहिणं तिच्याकडं आहे. एखादं काम झालं नाही, तर काहून झालं नाही हे त्यानं वरच्या प्रोग्रामले एका आकड्यात सांगाचं. एक आकडा म्हणजे 'पुन्हा ये', दुसरा म्हणजे 'तारेनं जोडलेलं यंत्रच इथं नाही'.

त्या दिवशी तिचं लिहिलेलं तपासणाऱ्याकडून दुसऱ्यांदा वापस आलं. आणखी एकदा आलं असतं, तर ते काम दुसऱ्याले जाणार होतं.

"काय झालं वं?"

"यंत्राची तार काढली तरी माहा कोड 'पुन्हा ये'च म्हणते, माय. वरचा प्रोग्राम विचारूनच राहिला. कम्प्युटर तापला नुसता."

"मंग नाही म्हण ना त्याले."

"कधी यंत्र झोपलं असते, तवा 'पुन्हा ये' बरोबर आहे. झोपलं का गेलं, कोण पाहत बसन? सगळ्यालेच एक आकडा देल्ला."

"फाटकावरच्या चौकीदारासारखी झाली तू."

"कोणता चौकीदार?"

तिचा बाप वारला तवा ती रांगत होती. मी हिंगण्याले एका कारखान्यात काम मागाले जात होती. चौकीदार भला माणूस, पाणी देई. "साहेब नाही आले, उद्या येजो बाई." कधी साहेब खरंच नसे. त्या उद्याच्या भरवशावर मी वावरातलं निंदणाचं काम सोडलं. लेकरं पेजेवर राहिले. मंग चौकीदार बदलला. नवा म्हणे, "इथं बायका घेतच नाही. उद्याही नाही, परवाही नाही. काहून चपला झिजवता?" वाईट वाटलं. पण तिथूनच गांधीबागेच्या बाजारात गेली. कापडाच्या दुकानात ताग्यांच्या घड्या घालाचं काम भेटलं. हात चालत होते तोवर तेच केलं. हे सगळं तिले सांगतलं.

"पहिला खोटारडा होता," लेक म्हणाली.

"खोटारडा नव्हता वं. आत जाऊन त्यानं कधी विचारलंच नाही."

"वापस पाठवणाऱ्यानंही हेच लिहिलं. पहिले आत पाहा, मंग आकडा द्या. मलेच आळस."

"मंग पाहा आत. मले काय सांगते?"

ती हसली अन् लिहाले बसली. यंत्र झोपलं असन तर 'पुन्हा ये', गेलं असन तर 'इथं नाही', असं वेगवेगळं केलं. पाठवलं. दोन दिवस फोन हातातून सोडला नाही, जेवतानाही. मंग उत्तर आलं, की घेतलं.

आता तार काढली की प्रोग्राम एकदा विचारते अन् थांबते, असं ती सांगते. काम तिच्याकडंच राहिलं.