डोमिटिल मावशीचं नाक

कॅनडाच्या जंगलातल्या आमच्या गावात कुणाच्या घरी काय शिजतंय, हे डोमिटिल मावशीला तिच्या अंगणात उभं राहून कळायचं. "जर्मेनची रोटी करपली बघ," ती लाकडं फोडता फोडता म्हणायची, आणि मग जर्मेनच्या खिडकीतून धूर यायचा. तळ्याभोवती जेवढे सापळे लावणारे होते, त्या सगळ्यांच्या पिशवीत मावशीचीच बाटली असायची. बाटलीत कस्तुरी, पाण्यात धरणं बांधणाऱ्या बीव्हर नावाच्या जनावराची. ती लावली की बीव्हर आपणहून सापळ्याकडे येतो.

बीव्हरच्या शेपटीच्या मुळाशी गाठींची एक जोडी असते, सुक्या अंजिरांसारखी. मावशी त्यांची तोंडं दोऱ्यानं करकचून बांधायची, आतला रस गळू नये म्हणून, आणि शेगडीच्या मागच्या खुंटीवर धग लागणार नाही अशा बेतानं टांगायची. वरून चामड्यासारख्या झाल्या म्हणजे झाल्या, असं नसतं. आत ओल राहिली आणि बरणीत कोंबल्या की बुरशी आलीच. म्हणून ती येता-जाता हुंगायची, आणि एक दिवस म्हणायची, "हं, ही बोलायला लागली!" मग ती कुटायची आणि बीव्हरच्याच तेलात कालवायची.

त्या हिवाळ्यात मावशीला ताप आला आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी, मासा म्हणजे नुसतं चावायचं काम. तेही तिनं सोसलं. पण खुंटीवर गाठी टांगलेल्या आणि वसंतातला सापळ्यांचा मोसम तोंडावर आलेला! आमिष कुजकं निघालं तर बीव्हर फिरकत नाही, लावणाऱ्याचा मोसम बुडतो आणि पुढच्या वर्षी कुणी बाटली मागायला येत नाही. मावशीनं बोटांनी दाबून, नखानं खरवडून अंदाज बांधला, कुटलं, कालवलं आणि बरणी टेबलावर ठेवली.

"हुंग," ती आल्या-गेल्याला म्हणायची.

आम्हा क्री लोकांत थोरांच्या तोंडावर वाईट बोलत नाहीत. सापळे लावणारा एलझियर बरणीत डोकावला आणि विहिरीतून बोलल्यासारखा म्हणाला, "छाऽऽन आहे, मावशी." जर्मेन म्हणाली, "अगदी... अगदी नेहमीसारखं!" आणि डोळे पुसत दाराकडे पळाली.

"सगळ्यांना छानच वाटतंय," मावशी म्हणाली. "मोईझला बोलवा."

मोईझ काका म्हणजे तिचा धाकटा दीर. दीर-भावजयीनं एकमेकांची टर उडवायची ही आमच्याकडची रीत. उडवली नाही तर लोक विचारतात, भांडलात का? आणि हे दोघं रीत अगदी मनापासून पाळायचे. तिनं शिवलेल्या हातमोज्यांना काका 'मेलेले ससे' म्हणायचा, आणि ती त्याच्या गाण्यावर म्हणायची, "लांडगा बरा, निदान सुरात रडतो."

काका आला. बरणी उघडली. मिशा थरथरल्या. झाकण हळूच लावत तो म्हणाला, "फारच सुंदर झालंय, वहिनी. तुझ्या हाताला तोड नाही."

मावशीनं बरणी त्याच्या हातातून ओढली, दार उघडलं आणि सगळी बर्फात ओतली.

"अगं अगं, वेड लागलं का?"

"भावजी, मी या घरात आल्यापासून तुम्ही माझं एकदा तरी कौतुक केलंत? तुमचा भाऊ गेला तेव्हासुद्धा म्हणालात, तुझ्या कालवणानं गेला. आणि आज 'सुंदर'? इतकं सडलंय?"

काका टोपी बोटांवर फिरवत बसला. "खरं सांगू? बुटात उंदीर मरावा आणि तो बूट आख्खा हिवाळा घालावा, तसं. म्हटलं, आधीच बिचारीचं नाक गेलंय..."

"नाक गेलंय, कान शाबूत आहेत," मावशी म्हणाली. तिनं खुंटीकडे बोट केलं. तिथं मागाहून टांगलेल्या थोड्या जोड्या उरल्या होत्या. "याही गेल्या तर मी हे काम सोडलं. उद्यापासून रोज यायचं. आणि गोड बोललात तर चहा मिळणार नाही."

काका येऊ लागला.

"कसा येतोय वास?"

"ओल्या कुत्र्यानं गळ्यात पडावं तसा."

"ओल आहे. राहू दे."

मग एकदा, "चर्चच्या बाकावर तुझी आई बसून उठावी तसा."

"माझ्या आईचं नाव काढू नका. पण सुधारतंय म्हणायचं."

आणि एका सकाळी काका हुंगतच राहिला. टर नाही, काही नाही. मावशी घाबरली. "बोला की!"

"दादा जंगलातून यायचा ना, वहिनी, तेव्हा त्याच्या अंगाला असाच वास यायचा. चामडं, पॉप्लरची साल, गोडसर धूर. तू त्याला दारातच थांबवायचीस, आधी आंघोळ म्हणून."

मावशीनं खुंटीवरच्या गाठींवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "उतरवा."

बर्फ फुटल्यावर आम्ही मागच्या डबक्यावर गेलो. सापळा नेलाच नाही, नवं आमिष नुसतं पारखायचं होतं. मावशीनं काडीचं टोक चावून कुंचल्यासारखं केलं, आमिषात बुडवलं आणि काठाच्या चिखलात रोवलं. आपल्या हद्दीत परक्या बीव्हरचा वास आला की बीव्हर चिखल आणतो, त्यावर थापतो आणि वर आपला वास सोडतो. पण वास खरा असला तरच.

सकाळी काडी दिसेना. तिच्या जागी ओल्या चिखलाचा ढीग, वर पंजे उमटलेले, पाण्याकडे शेपूट फरफटल्याची रेघ.

"बघ, कशा शिव्या घातल्यात तुला!" काका म्हणाला.

"घालू दे. मनापासून घातल्यात." मावशी गुडघ्यांवर बसली. रीतीप्रमाणे चिमूटभर तंबाखू तिनं पाण्यावर सोडली आणि आभार मानायला लागली. बीव्हरचे, त्याच्या बायकोपोरांचे, वेळेवर गेलेल्या बर्फाचे, तापाचेसुद्धा, कारण त्यानं कान ठेवले होते. "या डबक्यावर यंदा कुणी सापळा लावायचा नाही," तिनं मध्येच मान वळवून आम्हाला बजावलं आणि पुन्हा सुरू झाली. "आणि या माणसाचेही आभार. उशिरा का होईना, खरं बोलला."

काकाचे डोळे भरून आले होते. ते लपवायला तो खेकसला, "आटप आता, वहिनी. तो बीव्हर म्हातारा होईल."

"होऊ दे," मावशी म्हणाली, आणि तिनं त्याच्यापुढे हात केला, उठवायला.