न काढलेला एक्स-रे

शोभाताईंनी कॅनडातल्या सस्काटूनच्या एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं एक्स-रे काढले. फोटो काढायचा, डॉक्टरांकडे पाठवायचा आणि तोंड बंद ठेवायचं, हा त्या कामाचा पहिला नियम. फुप्फुसावरची सावली त्यांना डॉक्टरांच्या आधी दिसायची. शर्टाची बटणं लावता लावता पेशंट विचारायचा, काही दिसतंय का? डॉक्टर सांगतील, असं त्या हसून म्हणायच्या. पुढे पुढे तो चेहरा इतका पक्का बसला की घरीही त्यावरून कुणाला काही कळेना. नवऱ्याची, रविकांतांची, त्याबद्दल तक्रार नव्हती. ते एकटेच दोघांच्या वाटचं बोलायचे.

रविकांत पोटॅशच्या, म्हणजे खतासाठी लागणाऱ्या क्षाराच्या खाणीतले इंजिनिअर. सगळी नोकरी जमिनीखाली किलोमीटरभर, खारट भिंतींच्या बोगद्यांत गेली. उघड्या आभाळाखालचं मीठ एकदा बघायचंच, हा त्यांचा हट्ट. म्हणून २०१७ साली, एकाहत्तराव्या वर्षी, ते बायकोला घेऊन बोलिव्हियाला निघाले. शोभाताईंची भाची अक्षरा बर्नाबीहून सोबत आली, कारण तिला स्पॅनिश येत होतं. उयुनी गावातून जीप ठरली: तीन दिवस, ड्रायव्हर एउसेबिओ.

पहिल्या दिवशी मिठाचं ते पांढरं मैदान पाहून रविकांत नुसते चेकाळले. खाली बसून मीठ चाखलं, आपल्या खाणीतलं जास्त कडू असतं असा निकालही दिला. दुसऱ्या दिवशी जीप वाळवंटात वर वर चढत गेली आणि त्यांना खोकला लागला. दुपारी जेवायला थांबले, तेव्हा वीस पावलं चालताना ते दोनदा थांबले. मफलर नीट करायच्या निमित्ताने शोभाताईंनी त्यांच्या पाठीला कान लावला. आत बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. अशा छातीचे फोटो त्यांनी शेकड्यांनी काढले होते.

थंडी बाधली असेल, असं रविकांत म्हणाले. उंचीवर सगळ्यांनाच असं होतं, असं अक्षराने वाचलं होतं. शोभाताईंनी मफलरची गाठ बांधली. आपण कुठे डॉक्टर आहोत, असं त्यांनी स्वतःला बजावलं. त्या रात्री मात्र त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. शेजारचा श्वास थांबला की त्यांचाही थांबायचा.

सकाळी रविकांतांचे ओठ जांभळे पडले होते. खोकल्यानंतर त्यांनी रुमाल घाईने खिशात कोंबला, पण त्यावरचा गुलाबी फेस शोभाताईंनी पाहिला होता. एउसेबिओ टपावर बॅगा बांधत होता. आज सगळ्यात उंच खिंड, जवळजवळ एकोणपन्नासशे मीटर, मग गरम पाण्याचे झरे, असं तो सांगत होता. रविकांत दाराला धरून आत चढायची धडपड करत होते.

"मावशी, काका ओके आहेत ना?" अक्षराने विचारलं.

शोभाताईंनी दाराला धरलेल्या रविकांतांकडे पाहिलं. चूक ठरलो तर त्यांची आयुष्यभराची हौस आपण मोडली. आणि बरोबर ठरलो तर? त्या इतक्या घाबरल्या होत्या की त्यांना आपले हात कुठे आहेत तेही कळेना.

"एउसेबिओला सांग, वर जायचं नाही. गाडी मागे वळव. उयुनीला, हॉस्पिटलात, आत्ताच्या आत्ता."

"अगं, इतक्या लांब येऊन..." रविकांतांना धाप लागली. "तू काय डॉक्टर आहेस?"

"तुमच्या फुप्फुसांत पाणी भरलंय. वर गेलो तर तुम्ही मराल."

अक्षराने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. एउसेबिओने रविकांतांच्या ओठांकडे एकदा पाहिलं, सीटमागून ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर काढला आणि जीप वळवली.

पाच तास शोभाताई रविकांतांच्या तोंडावर मास्क धरून बसल्या होत्या. सिलेंडरचा काटा खाली येत होता आणि रस्ता काही संपत नव्हता. मनात येईल त्या देवाचं नाव त्या घेत होत्या. दुपारपर्यंत जीप बरीच खाली उतरली, ओठांचा जांभळा रंग जरा निवळला आणि लांबवर उयुनीची पत्र्याची छपरं दिसली.

रविकांतांनी मास्क बाजूला केला.

"तुला हे कधी कळलं?"

आज सकाळी, असं सहज सांगता आलं असतं.

"काल दुपारी," शोभाताई म्हणाल्या.

रविकांतांनी मास्क शोभाताईंच्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच धरला.