चौथा रविवार

बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत तिचं अर्धं आयुष्य गेलं. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, किती रुजल्या ते मोजायचं, आणि हे असं चार वेळा. पाकिटावर नाव नसायचं, फक्त नंबर. बियाणं कुणाचं ते कळलं की डोळे लबाडी करायला लागतात, असं ती नव्या मुलींना बजावायची.

घरी मात्र ती चोरून लिहायची. दर रविवारी वर्तमानपत्रात तिचा छोटासा लेख यायचा, खाली नाव नसायचं. संपादक सोडले तर कुणालाच पत्ता नव्हता.

त्या लेखांवर सगळ्यात जास्त जीव होता तिच्या वडिलांचा. अण्णांनी जन्मभर शाळेत भाषा शिकवलेली. लेख वाचून झाला की त्यांचा फोन ठरलेला.

"वाचलंस का? काय लिहितो गं हा माणूस!"

"बाई असेल कदाचित."

"असेल. पण तू नाहीस एवढं नक्की! तुझं आपलं मोड मोज नि बेरीज कर."

लहानपणी तिच्या प्रत्येक निबंधाखाली अण्णांचा एकच शेरा असायचा, 'ठीक'. आता त्यांना सांगायला ती आसुसलेली होती. पण नाव कळलं की लेकीचं कौतुक होणार, लेखाचं नाही. म्हणून तिने ठरवलं, सलग चार रविवार त्यांनी दाद दिली की सांगायचं. एकदा तिसऱ्याच रविवारी ते म्हणाले, "आज नाही बुवा जमलं." तिने मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली.

यावेळी तीन रविवार पार पडले. त्याच आठवड्यात संपादकांनी एका वाचकाचं पत्र तिच्याकडे धाडलं. अक्षर अण्णांचं होतं.

'माझी मुलगी शास्त्रज्ञ आहे. मी तिची नुसती थट्टा करतो, कारण दुसरं काय बोलावं ते सुचत नाही. तुम्हाला किती सहज बोलता येतं. मुलीशी बोलायला सुरुवात कशी करावी, दोन ओळींत कळवाल का?'

ती ढसाढसा रडली. फोन उचलला. मग खाली ठेवला. एका रविवारचा तर प्रश्न होता.

शुक्रवारी अण्णांच्या मेंदूत गुठळी झाली. जीव वाचला, भाषा गेली. "आवाज ऐकू येतो, अर्थ लागत नाही," डॉक्टर म्हणाले.

रविवारी तिने पलंगाशी बसून चौथा लेख मोठ्याने वाचला. "अण्णा, हे मी लिहिलंय. सगळे मीच लिहिलेत."

अण्णा हसले. मघाशी पंख्याकडे बघून हसले होते, तसेच.

आई औषध घेऊन आली. वर्तमानपत्र बघताच तिचा पारा चढला. "फेक ते! पत्र टाकल्यापासून रोज पोस्टमनची वाट बघायचे हे. दोन ओळी लिहायला काय धाड भरली होती त्याला?"

"त्याला नाही, आई. मला."

आईचा चमचा हवेतच राहिला. अण्णा तोंड उघडून औषधाची वाट बघत होते.