मत देऊन आल्यावरचा चहा

आमच्या अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये गाडीवाल्या बाई म्हटलं की म्हाताऱ्यांना दुसरं नाव लागायचं नाही. मतदानाच्या दिवशी आम्हा चौघांना गाडीत भरून त्या घेऊन जायच्या आणि स्वतः बाहेर हीटर लावून बसायच्या. त्यांना मतच नव्हतं. इतकी वर्षं राहून इथली सिटिझनशिप घेतली नव्हती, कारण नागपूरच्या मतदारयादीत वडिलांनी हौसेनं घातलेलं नाव होतं, ते सोडवत नव्हतं.

वडील गिरणीत कामाला. "बाबा मताच्या दिवशी पांढरेशुभ्र कपडे घालायचे, काकू. म्हणायचे, हे आपल्याला सहज नाही मिळालं." म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकून बाई इथवर आल्या होत्या. शाळेचा विषय निघाला की त्यांच्या हातातला चहा गार झालाच म्हणून समजा.

एका नोव्हेंबरात शाळांसाठी घरपट्टी वाढवायची का, यावर मत होतं. इथे त्याला लेव्ही म्हणतात. ती मतात पडली तर शाळेची लायब्ररी अर्धा दिवस बंद, हे बाईंनी मला वाटेत नीट समजावलं. मी मान डोलावली. पण घरी मुलगा म्हणाला होता, "आई, आपली पोरं कॉलेजात गेली, आपण कशाला भरायचं?" आत जाऊन मी 'विरोधात'वर खूण केली. लिहायलाच बसले आहे, तर खरं तेच लिहिते.

बाहेर आले तर बाईंनी थर्मासमधला चहा पुढे केला. मी नको म्हटलं. काय केलंत, असं त्यांनी कधीच कुणाला विचारलं नाही. तोही बाबांचाच नियम.

लेव्ही पडली. पुढच्याच आठवड्यात बाई नेहमीसारख्या मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मागच्या सीटवर त्यांची मुलगी होती. लायब्ररी आता दुपारी बंद असते, म्हणाली. वर आईलाच समजावलं, "इट्स ओके, आई."

त्यानंतर बाईंनी सिटिझनशिपचा अर्ज केला. शपथ घेऊन आल्या त्या दिवशी जुना पासपोर्ट मला दाखवला, ओढणीनं पुसला. "बाबांना काय वाटलं असतं हो, काकू?"

लेव्ही पुन्हा आली. बाई पांढऱ्या साडीत. वर जाड कोट, खाली स्नीकर्स. त्या दिवशी गाडी बंद करून आम्ही सगळे मिळून आत गेलो. या खेपेला मी 'बाजूने'वर खूण केली. लेव्ही पास झाली.

पुढे यजमानांच्या नोकरीमुळे त्या दुसऱ्या राज्यात, शुगर लँडला निघाल्या. सामानाचा ट्रक उभा होता, तेव्हा मी मागचं सगळं सांगून टाकलं.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्या दिवशी चहा नाही घेतला."

"तरी पुन्हा नेलंत मला?"

"मत तुमचं होतं, काकू."

यंदा परत लेव्ही होती. मुलगा मला घेऊन गेला, त्यानंही मत दिलं. गाडीत बसल्यावर मी थर्मास उघडून चहा पुढे केला. तो नको म्हणाला.

मी काही विचारलं नाही.