आरोग्यमेरीचं ताट

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर एक स्टीलचं ताट दीड वर्ष पालथं पडून होतं. त्याच्या कडेला तमिळ अक्षरांत ‘आरोग्यमेरी’ असं कोरलेलं. तंजावुरात नाव कोरल्याशिवाय भांडं वापरात येत नाही आणि शेजारणीचं ताट रिकामं परत जात नाही. भरून पाठवायचं तर माझ्या सासूबाईंना, शेषम्मांना, तिच्याशी बोलावं लागलं असतं. रिकामं पाठवलं तर रीत मोडली असती. म्हणून ते पालथं. मी आठवड्याला ते पुसायची आणि पुन्हा तसंच ठेवायची.

आरोग्यमेरी समोरच राहते. राजवाड्यामागची आमची गल्ली इतकी अरुंद आहे की तिच्या ओट्यावरच्या शिलाई मशीनचा आवाज आमच्या चुलीशी येतो आणि आमच्या फोडणीनं तिला शिंक येते. नवरा लवकर गेला. गल्लीतल्या मराठी घरांची पोलकी शिवून तिनं एकुलत्या एका मुलीला, अमलाला, नर्सिंग शिकवलं. हात इतका चांगला की लग्नाची पोलकी लोक कुंभकोणमहून तिच्याकडे आणतात. गळा किती खोल हवा ते सांगा, ती मान डोलावते, वहीत माप लिहिते आणि दोन बोटं वरच शिवते. विचारलं तर म्हणते, “अम्मा, वरून देव बघतोय. खालून तुमची सासू.”

संध्याकाळी चर्चची घंटा झाली की ती मशीनवर फडकं टाकते, जपमाळ काढते आणि ओट्यावर बसून मोठ्यानं प्रार्थना करते. जपमाळ संपली की देश सुरू होतात. दुपारच्या बातम्यांत जिथं जिथं बाँब पडले असतील त्या सगळ्या ठिकाणांची नावं. युक्रेनच्या पोरांना सांभाळ, रशियाच्या पोरांना सांभाळ, सुदानच्या, गाझाच्या, इस्राएलच्या. कोण बरोबर, कोण चूक यात ती पडत नाही. शेवटी एकच वाक्य, “त्यांच्या आयांना झोप लागू दे.”

“जगाचं वकीलपत्र घेतलंय हिनं,” सासूबाई खिडकीशी भाजी निवडत म्हणायच्या. “आणि माझं पोलकं पोंगलपासून पडलंय तिथं.”

पण हे बोलणं प्रेमाचं होतं. म्हणजे दीड वर्षापूर्वीच्या नाताळपर्यंत होतं.

दर नाताळला मेरीअक्का आमच्याकडे फराळाचं ताट आणायची. आमच्यासाठी वेगळ्या तेलात तळलेलं, अंड्याचा स्पर्श नसलेलं. त्या वर्षीही आणलं. सासूबाईंनी हसून दोन्ही हातांनी ताट घेतलं, तमिळमध्ये “कशाला एवढं, मेरी?” म्हणाल्या आणि तसंच हसत माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “हरिता, आत ठेव. धनलक्ष्मी झाडायला येईल तेव्हा तिला देऊन टाक. त्यांच्या घरचं कोण खाणार?”

तंजावुरातल्या आम्हा मराठी माणसांची ही जुनी खोड आहे. परक्यासमोर घरातलं बोलायचं तर मराठीत बोलायचं. जणू मध्ये भिंत उभी केली. भाजीवाल्यासमोर भाजीला नावं ठेवायची, पाहुण्यासमोर पाहुण्याला. सासूबाई एवढंच विसरल्या की मेरीअक्का तीस वर्षं मराठी बायकांची मापं घेत होती, आणि माप देताना बाई गप्प बसत नाही.

मेरीअक्कानं पदर सावरला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, “कशाला, मामी? ताट रितं करून द्या. धनलक्ष्मीचं घर माझ्या वाटेवरच आहे.”

सासूबाईंचा चेहरा असा झाला की मला हसावं की लपावं कळेना. त्या आत गेल्या आणि ताट घेऊनच गेल्या. फराळ कुणीच खाल्ला नाही, सादळला. ज्याच्यावर आपण अन्याय केला त्याचाच राग येतो, तसं त्यांचं झालं. आठवड्याभरात ऐकू येऊ लागलं, “मराठी येतं तर इतकी वर्षं लपवलं का? ही काय रीत?”

त्यानंतर माझे धाकटे दीर गुरुराज रसायनशास्त्रातल्या संशोधनासाठी इस्राएलमध्ये हैफाला गेले. अमला त्याच शहरात एका म्हाताऱ्या बाईंची देखभाल करत होती. निघताना सासूबाईंनी गुरुराजांना बजावलं, “तिकडे कुणाच्या घरी जेवायला जाऊ नकोस.” कुणाच्या, ते सगळ्या गल्लीला कळलं.

जूनमध्ये एका शुक्रवारी सकाळी टीव्हीवर बातमी आली. इस्राएल आणि इराणचं युद्ध पेटलं होतं, विमानं बंद झाली होती. त्या दिवशी संध्याकाळी गुरुराजांचा दोन मिनिटं फोन आला, “मी ठीक आहे, भोंगा वाजतोय, नंतर बोलतो.” आणि नंतर फोन लागेना. रात्री हैफावर क्षेपणास्त्रं पडत असल्याचं टीव्ही सांगत होता. शनिवारी दुपारपर्यंत सासूबाईंनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

“आई, समोर विचारू का?” मी म्हटलं. “अमला तिथंच आहे.”

“कोणत्या तोंडानं विचारणार?”

“माझ्या.”

“नको. मी मेले तरी नको.” मग भिंतीकडे बघत, “तू कुठं जातेस-येतेस ते मला कशाला सांगतेस? मी काय तुझ्यावर पहारा ठेवते?”

मी चपला घातल्या.

मेरीअक्का मशीनवर होती, पण सुई वर आणि चाक थांबलेलं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “अमलाला सकाळीच सांगितलंय, गुरुराजचा फोन लागत नाही म्हणून.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मामी काल रात्री ओरडत नव्हत्या. आजही नाही.” तिनं कापडाची घडी घातली, परत मोडली. “अमला म्हणाली, अम्मा, त्याची इमारत टेकडीच्या पलीकडे आहे, बघून येऊ का? आईनं यावर काय म्हणायचं, सांग हरिता. जा म्हणायचं? मी म्हटलं, भोंगे थांबले की तुझं तू ठरव. फोन ठेवला आणि मग बसून रडले. मामींच्या पोरासाठी माझी पोर.”

मी तिच्या हातातलं कापड घेतलं आणि घडी घातली.

“आणि गंमत ऐक. त्या नाताळनंतर कितीतरी महिने मला मामींसाठी प्रार्थना करता येत नव्हती. रशिया जमायचा. मामी आल्या की जीभ अडायची. फादरना सांगितलं. ते म्हणाले, मेरी, लांबच्या शत्रूवर प्रेम करणं सोपं. तू समोरच्या दारापासून सुरुवात कर.” तिनं नाक पुसलं. “त्यांना काय जातंय? त्यांच्या समोर मामी राहत नाहीत.”

त्या संध्याकाळी चर्चची घंटा झाली. आमची खिडकी उघडी होती. देशांमध्ये इराण आला, इस्राएल आला. मग, “गुरुराजला सांभाळ. अमलाला सांभाळ.” घसा साफ करून, “आणि शेषम्मामामींना झोप लागू दे.” सासूबाई भाजी नसलेल्या सुपात हात फिरवत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

रविवारी सकाळी मेरीअक्का चर्चमधून तडक आमच्या दारात आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिनं मोबाइल आत धरला. “मामी, या. लवकर. परत भोंगा वाजायच्या आत.”

पडद्यावर गुरुराज. दाढी वाढलेली, तळघरात एका बाकावर बसलेले. आश्रयाला धावताना जिन्यात फोन पडून फुटला होता; वरच्या खोलीच्या काचाही फुटल्या होत्या; त्यांना स्वतःला ओरखडाही नव्हता. शेजारी अमला, डोक्याला रुमाल बांधलेली. आणि गुरुराजांच्या मांडीवर अमलाचा स्टीलचा डबा. दहीभात. ते बोटं चाटून खात होते.

आता सासूबाई डब्याबद्दल काय बोलतील?

सासूबाईंनी मोबाइल नाकाजवळ नेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“मीठ आहे का त्यात?”

“आहे, आई.”

“मामी, लोणचंही आहे,” अमला म्हणाली. “आमच्या अम्माच्या हातचं. चालेल ना?”

“चालेल काय? वाढ त्याला! किती वाळलाय! आणि तू खाल्लंस का, पोरी? का सगळं यालाच? लहानपणापासून अधाशी आहे हा.”

तेवढ्यात तिकडे भोंगा वाजला आणि पडदा काळा झाला. आम्ही तिघी त्या काळ्या काचेकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं अमलाचा निरोप आला, “तळघरातच आहोत. त्यानं सगळं लोणचं संपवलं.”

सोमवारी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही. पुरण स्वतः वाटलं. संध्याकाळी फळीवरचं ताट उतरवलं, पुन्हा घासलं, पोळ्या रचल्या, वर तूप. “चल,” म्हणाल्या. “मी एकटी गेले तर काहीतरी बोलून बसेन.”

मेरीअक्काची जपमाळ नुकतीच संपत होती. तिनं ताट पाहिलं, कडेवरच्या नावावरून बोट फिरवलं आणि बाजूला सरकून ओट्यावर जागा केली. सासूबाई बसल्या. या ओट्यावर त्या आजवर माप द्यायला उभ्या राहिल्या होत्या, बसल्या कधी नव्हत्या.

“मेरी, त्या दिवशी मी जे बोलले...”

“कोणत्या दिवशी, मामी? तुम्ही रोज बोलता.”

“चेष्टा नको. वाईट बोलले.”

“हो,” मेरीअक्का म्हणाली. “वाईट बोललात. लागलं मला.” आणि पोळीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. “आता नाही लागत. बसा, माझे देश राहिलेत.”

देश सुरू झाले. इराण आला तसं सासूबाईंनी डोळे उघडले. “त्यांनाही? माझ्या पोराच्या डोक्यावर टाकतायत त्यांनाही?”

“मामी, इकडूनही तिकडं पडतातच. तिथंही एखादी मामी असेलच. उपाशी बसलेली, सुनेवर ओरडणारी.”

“मी ओरडत नाही,” सासूबाई म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं. मी राजवाड्याच्या बुरुजाकडे बघितलं. मग त्यांनी डोळे मिटले आणि पुटपुटल्या, “बरं. त्या मामीलाही झोप लागू दे.”

उठताना मेरीअक्कानं त्यांना हात धरून थांबवलं. आत जाऊन आली ती तेच ताट घेऊन. पोळ्या काढून घेतलेलं आणि चकलीसारख्या मुरुक्क्यांनी भरलेलं. “रिकामं कसं देऊ?”

“अगं, पण ताट तुझंच आहे!”

“मग परत येईलच.”

गल्ली ओलांडेपर्यंतही सासूबाईंना धीर निघाला नाही. मधोमध उभं राहून त्यांनी मुरुक्का मोडला, कुरकुर चावला आणि सवयीनं माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “मीठ जरा जास्तच पडलंय हिचं.”

“ऐकू आलं, मामी!” मागून आवाज आला, आणि मशीन सुरू झालं.

“ऐकू यावं म्हणूनच बोलले,” सासूबाई ओरडल्या, आणि दुसरा मुरुक्का घेतला.