फुली अक्का

फुली अक्कांना एखादं चित्र आवडलंय, असं मी कधी पाहिलं नाही. चित्र समोर ठेवलं की त्या आधी लाल पेन्सिलीने त्यावर फुली मारायच्या आणि मग कारण सांगायच्या. नाव त्यावरूनच पडलं. जळगावात एका बालवाडीच्या भिंतीवर रंगवलेल्या हसऱ्या सशालाही त्यांनी रस्त्यात थांबून फुली मारली होती. "याला मान कुठे शे?" एवढं म्हणाल्या आणि भाजी घ्यायला पुढे गेल्या.

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या अक्कांची सगळी नोकरी मुंबईत, हाताने काढलेल्या मोठ्या कार्टूनपटांच्या स्टुडिओत झाली. आधी त्या पारदर्शक कागदांवर मागच्या बाजूने रंग भरायच्या, म्हणजे पुढची रेघ झाकली जात नाही. पुढे हालचालीच्या दोन टोकांमधली चित्रं काढू लागल्या. संगणक आले, स्टुडिओ बंद पडला आणि अक्का जळगावात परतल्या. घरच्या पुढच्या खोलीत आम्हा चार-पाच जणींना शिकवू लागल्या. मी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायचे. माझ्या पहिल्याच चित्रावर त्या म्हणाल्या, "पोरांची दया येते."

जुने परदेशी चित्रपट त्या आवाज बंद करून दाखवायच्या. "गाणं लावलं की दगडसुद्धा नाचतो. मुका चालतो का ते बघा." देखण्या राजपुत्रांवर त्यांचा विशेष राग. "जनावरं बघा, चेटकिणी बघा, कसा जीव ओतलाय! आणि हा? इस्त्री करून उभा केलेला. खऱ्या नटाला चालवून त्याचं चित्रीकरण गिरवत बसले, तिथेच मेला तो." त्या काळी तिकडे पुरुष चित्रं काढत आणि बायका ती शाईने गिरवत, रंगवत. मग रेघा थेट पारदर्शक कागदावर उतरवणारं यंत्र आलं आणि गिरवणाऱ्या बायकांचं काम गेलं. "जाणकार म्हणाले, रेघ मोकळी झाली! मोकळी कसली? खरबरीत झाली. पण बायांना कोण विचारतं?"

पुढे जळगावात एक ॲनिमेशन अकादमी निघाली. काचेचा दरवाजा, गारेगार हवा, भिंतीवर 'स्वप्नांना पंख द्या'. मालक आदल्या वर्षापर्यंत मोबाइल विकायचे. चित्राशी त्यांचा संबंध फ्लेक्सवर स्वतःचा फोटो छापण्यापुरता. कोणीतरी सांगितलं म्हणून उद्घाटनाला त्यांनी अक्कांना बोलावलं. मी सोबत होते.

पडद्यावर संगणकाने केलेलं हरीण धावलं. टाळ्या झाल्या. मालकांनी माइक अक्कांपुढे धरला.

"पाय जमिनीला लागतच नाहीत," अक्का म्हणाल्या. "हे धावत नाही, घसरतंय. बठ्ठा कचरा शे, सगळाच्या सगळा."

लोक हसले. मालकही हसले, पण कानापर्यंत लाल झाले. "अक्का, हाताने काढत बसायचे दिवस गेले आता. तरी मुलांना गंमत म्हणून एक हरीण काढून दाखवा ना!"

वर्षभरापासून अक्कांचा हात थरथरत होता. वर्गातल्या आम्हाला ठाऊक होतं, गावाला नव्हतं. मी त्यांचा पदर ओढला. पण अशा माणसासमोर माघार घेतील तर त्या अक्का कसल्या? त्या फळ्याकडे गेल्या. पाठीची रेघ निम्म्यावर हलली, पायाची तर तुटलीच. मालकांनी घाईने टाळ्या सुरू केल्या, "वा, या वयात!"

"टाळ्या कशाला? डोळे नाहीत का? रेघ हलली." अक्कांनी स्वतःच्या हरणावर फुली मारली, खडू ठेवला आणि सत्काराची शाल न घेताच बाहेर पडल्या.

घर आल्यावर म्हणाल्या, "उद्यापासून तू काढ. मी सांगते."

त्यांनी मला यावलच्या केळीच्या बागांत पाठवलं. डोक्यावर घड घेऊन चालणाऱ्या बायका बघायच्या, वजन आधी मानेत येतं की कमरेत, ते शोधायचं. मी काढायचे, त्या नावं ठेवायच्या. "ही बाई घड नाही, फुगा नेतेय." महिनोन्महिने कागदांचा ढीग फुकट गेला. अखेर चालण्याची काही सेकंदं जुळली, तेव्हा अक्का दवाखान्यात होत्या. भेटायला आलेले नातेवाईक खाटेभोवती उभे राहून आपसात पार्किंगच्या गैरसोयीबद्दल बोलत होते.

मी मोबाइलवर ती बाई चालवून दाखवली. अक्का बघत राहिल्या.

"परत लाव."

परत लावली. त्यांनी पुन्हा लावायला सांगितली. शेवटी डोळे मिटून म्हणाल्या, "उजवी टाच उशिरा उचलते."

घरी येऊन पाहिलं, खरंच उशिरा उचलत होती. मी तेवढी चित्रं नव्याने काढायला घेतली. ती पूर्ण होण्याआधीच अक्का गेल्या.

आता मी धुळ्यात असते. ती बाई आता टाच वेळेवर उचलते. बघणारे म्हणतात, "छान!" 'परत लाव' म्हणणारं कोणी नाही; मीही कोणालाच परत लावून दाखवत नाही.